शेंडेकाकांची वरची टाकी

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर राहणाऱ्या वकीलसाहेबांनी टीव्हीला बूस्टर बसवला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी शेंडेकाका त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. खाकी अर्धी पँट, पायात टायरच्या चपला आणि हातात छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी. वकीलसाहेब तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आले. काका त्यांना अगदी शांतपणे म्हणाले, की गल्लीत सगळ्यांना थोडं थोडं येतं, त्यात तुम्ही मोटर लावून एकटेच ओढता, हे काही बरं दिसत नाही. आपल्या नळाला मोटर नाही, हवं तर आत येऊन बघा, असं वकीलसाहेबांनी फेसाळ तोंडानं सांगितलं.

"नळाचं कोन म्हनून राहिलं?" काका म्हणाले. "टीव्हीचं म्हनतो मी. तो डब्बा काढा. तुमच्या पायी मास्तरच्या घरी चित्र बारीक झालं."

मास्तर म्हणजे मी. माझ्या घरी चित्र बारीक झालेलं नव्हतं आणि बूस्टरनं दुसऱ्याचं चित्र ओढलं जात नाही, हे मी शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस असल्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं. पण समोरच्या ओट्यावर चहा पीत हा प्रकार बघताना मी तोंड उघडलं नाही. कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडणारे वकीलसाहेब निरुत्तर झालेले पाहायला मला आवडलं, हे कबूल करतो. पुढे आठवडाभर ते खिडकीचा पडदा ओढून टीव्ही पाहत होते.

शेंडेकाका पाणीपुरवठा खात्यात वॉलमन होते. पहाटे उठून कोणत्या गल्लीचं पाणी सोडायचं, कोणत्या गल्लीचं बंद करायचं, हे त्यांच्या त्या लांब चावीवर ठरायचं. रस्त्यातल्या खड्ड्यात चावी घालायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. पाइप बोलतो, असं ते म्हणत. तीस वर्षं जमिनीखालचं पाणी ऐकलेल्या या माणसाला, नागपुरात टीव्हीचा मनोरा उभा राहिला तेव्हा, सगळी भानगड एका दिवसात समजली. निदान तसं त्यांचं म्हणणं होतं.

उपग्रह म्हणजे वरची टाकी. दिल्लीवाले कार्यक्रम पंपानं तिच्यात चढवतात. तिथून तो सेमिनरी हिलवरच्या मनोऱ्यात पडतो आणि मनोऱ्यातून घरोघर जातो. अँटेना म्हणजे तोटी. मी एकदा न राहवून त्यांना सांगितलं, की काका, उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतो. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे मोठ्या कौतुकानं पाहिलं.

"तेच तर म्हनून राहिलो मी. एवढी उंच टाकी हाय म्हनून तर प्रेशर येते."

त्यानंतर मी त्यांना विज्ञान शिकवायचा नाद सोडला. अडचण अशी होती, की त्यांच्या सिद्धांतात सगळं बसत असे. पडद्यावर पांढऱ्या मुंग्या धावू लागल्या, की आम्ही म्हणायचो मुंग्या आल्या, काका म्हणायचे गाळ आला. एका माणसाची दोन माणसं दिसू लागली, की दोन लाइनी एकमेकींत मिसळल्या. त्यांची सासुरवाडी खाप्याची. तिकडे लोकांनी दोन दोन बांबू एकावर एक बांधून अँटेना चढवल्या होत्या, तरी पडद्यावर नुसता पाऊस. काका मान हलवत म्हणायचे, खापा काय, पारशिवनी काय, थे लाइनचं शेपूट आहे, तिथे गाळच जाणार. आणि मग ते आमच्या कौलांवर चढून दांडी अशी काही फिरवायचे, की बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या कानातलं डूल दिसू लागायचं. मी पुस्तकं वाचून वर चढलो होतो तेव्हा बाईच दिसेनाशा झाल्या होत्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. घरात शिरायचं ते टीव्हीकडे न बघता. थेट मागच्या दारी, शिडी लावायची, वर जायचं आणि अँटेनाच्या दांडीला कान लावून डोळे मिटायचे. मग फिरवायचं, ते चतकोरात. भाकरीची चतकोर असते तेवढा फेरा म्हणजे एक चतकोर, त्याच्या खाली अर्धी चतकोर, आणि फारच नाजूक काम असेल तर घासभर. त्यांनी कुणाकडून कधी काही घेतलं नाही. फक्त चहा, तोही बशीत, आणि बशी काठापर्यंत भरलेली हवी.

खाली टीव्हीसमोर एकानं उभं राहून वर ओरडायचं, हे काम मात्र दुसऱ्याचं. त्यासाठी काकांनी तीन शब्द मंजूर केले होते. चित्र आलं तर "आलं", गेलं तर "गेलं" आणि हवं तसं झालं की "बस्स". चौथा शब्द काढला की ते चिडत. त्याला ते कॉमेंट्री म्हणत. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा खालून सांगितलं, की आलं आलं, पण बाईच्या पातळाचा काठ दिसत नाही. वरून आवाज आला, "वहिनी, काठ नाही विचारला मी." माझी पाळी आली तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितलं, की साधारण सत्तर टक्के स्पष्ट आहे. काका कौलांवरून खाली वाकले आणि पेपर तपासून राहिले का, असं त्यांनी मला विचारलं. त्या दिवसापासून माझी त्या पदावरून बडतर्फी झाली.

हे काम बिनचूक करणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांच्या पत्नी वत्सलाबाई. अंगानं काडीसारख्या, पण आवाज असा, की गल्लीच्या या टोकाला "आलं" म्हटलं तर त्या टोकाच्या घरात लोक टीव्ही लावायला उठायचे. काका ज्या घरी जातील तिथे त्या मागोमाग यायच्या. त्यांची उभं राहण्याची जागा दाराच्या चौकटीत. एक नजर आत पडद्यावर, एक नजर वर नवऱ्यावर. पडद्यापेक्षा वरच जास्त. काका कौलांच्या कडेला आले की मंजूर नसलेला चौथा शब्द त्या बेलाशक वापरायच्या. "पडसान" म्हणायच्या. काका त्याबद्दल कधी चिडले नाहीत.

काम संपलं की दोघं घरी निघायची. जाताना वत्सलाबाई पडद्यावर काय काय दिसलं ते नवऱ्याला सांगत जायच्या. कोण शेतकरी काय म्हणाला, कोणत्या बाईनं कशी साडी नेसली होती, नाचात किती जण होते. काका माना डोलवत ऐकायचे, मध्येच थांबून काही विचारायचे. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. मी एकदा विचारलं, की काका, गल्लीभर चित्र वाटत फिरता, घरी एक टीव्ही का घेत नाही? त्यांना प्रश्नच कळला नाही.

"मले कायले पायजे? वत्सला सांगते ना मले."

त्या थंडीत जवळच्या बुद्धविहारात टीव्हीवाल्यांची गाडी आली. गावोगावच्या बायकांच्या समूहगीतांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ते तयार करत होते आणि आमच्या मोहल्ल्यातल्या महिला मंडळाचं एक गीत त्यांनी निवडलं होतं. आठ बायका, आठही पांढऱ्या साड्यांत, अंगणात विहाराकडे तोंड करून उभ्या. वत्सलाबाई पहिल्या रांगेत. गल्ली झाडून विहारासमोर जमली होती. शेंडेकाका मात्र कुणी न सांगता विहाराच्या छपरावर चढून बसले होते. टीव्हीवाल्यांच्या दिव्याची वायर लोंबकळते आहे, ती कुणीतरी वरून धरायला हवी, असं त्यांचं मत पडलं होतं. टीव्हीवाल्यांनी त्यांना तीनदा खाली उतरायला सांगितलं. तिसऱ्यांदा जरा जोरात सांगितलं. काका वायर धरून तिथेच बसले, आणि गाणं झाल्यावरच उतरले.

मार्चमध्ये वत्सलाबाईंना ताप आला. आधी घरचं झालं, मग मोहल्ल्यातला डॉक्टर झाला, मग धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी स्मशानात काकांच्या शेजारी उभा होतो.

महिनाभर काका कुणाच्या घरावर चढले नाहीत. गल्लीतले तिन्ही टीव्ही हळूहळू बिघडत गेले. वकीलसाहेबांच्या बूस्टरमधूनही मुंग्याच येऊ लागल्या, पण काकांना हाक मारायची हिंमत कुणाला होईना. शेवटी तेच एके दिवशी माझ्या फाटकाशी आले. तुमची दांडी हलली आहे, रस्त्यावरून दिसते, म्हणाले. काम केलं. खाली आमची सौभाग्यवती उभी राहिली आणि तिनं मंजूर शब्दांपलीकडे एक अक्षर काढलं नाही. चहा पिऊन काका एकटेच गेले. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी दार लावून टीव्ही पाहत बसलो.

मे महिन्यात महिला मंडळाच्या नावानं पोस्टकार्ड आलं. येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजता गीतांचा कार्यक्रम दाखवला जाणार होता. काकांनी मंडळाकडून ते कार्ड मागून घेतलं आणि खिशात घालून माझ्याकडे आले. मला वाचून दाखवायला लावलं. स्वतः वाचता येत असूनही दोनदा वाचायला लावलं. वत्सलाबाईंचा घरात लग्नातला एकच फोटो होता आणि त्यातही त्यांचा चेहरा पदरानं अर्धा झाकलेला होता, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं.

"मास्तर, गुरुवारी मी वर चढनार नाही. समोर बसनार. खुर्चीवर."

मी म्हटलं, काका, पहिल्या रांगेतली खुर्ची तुमची.

बुधवारी येऊन त्यांनी आमची अँटेना तपासली, तारेनं आवळली, घासभर फिरवली, पुन्हा घासभर मागे घेतली. गुरुवारी सकाळच्या एसटीनं खाप्याहून सासूबाईंना घेऊन आले. वत्सलाबाईंच्या त्या आईला दिसायला थोडं कमी होतं आणि त्यांनी आयुष्यात टीव्ही पाहिला नव्हता. काका दुपारी चारलाच पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. मी त्यांना अर्ध्या पँटशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो. खुर्चीवर बसून त्यांनी बंद टीव्हीकडे पाहिलं, खुर्ची थोडी पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली.

पाच वाजता वादळ आलं. आमच्याकडे मे महिन्यात येतं तसं, आधी लाल धूळ, मग पत्र्यांचा आवाज, मग दहा मिनिटं टपोरे थेंब. वीज गेली. मागच्या दारी धाडकन काहीतरी पडलं. जाऊन पाहिलं तर आमची अँटेना न्हाणीच्या पत्र्यावर आडवी झाली होती आणि तिच्या दोन दांड्या वाकल्या होत्या. वकीलसाहेबांची तर बूस्टरसकट रस्त्यावर आली होती. गल्लीतल्या तिसऱ्या टीव्हीचं घर कुलूपबंद होतं.

काकांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि शिडी लावली. सायकलची जुनी ट्यूब, बांधायची तार आणि पक्कड एवढ्या सामानावर त्यांनी अँटेना न्हाणीच्या पत्र्यावरच पुन्हा उभी केली. सव्वासहाला वीज आली. माझ्या घरात तोपर्यंत मंडळाच्या बायका, त्यांची मुलं, वकीलसाहेब आणि त्यांचं सगळं कुटुंब जमलं होतं. काकांच्या सासूबाईंना, म्हणजे आजींना, मी अगदी पुढे बसवलं. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

टीव्ही लावला. सगळा गाळ. सौभाग्यवती दारात उभी होती. काकांनी वर चतकोर फिरवली, अर्धी चतकोर फिरवली, आणि एकदम चित्र आलं. तिनं "बस्स" म्हटलं. काकांनी हात काढला. चित्र गेलं. हात लावला, चित्र आलं. काढला, गेलं. ओल्या पत्र्यावर काका अनवाणी उभे होते, एक हात दांडीवर. याचं शास्त्रीय कारण मी फळ्यावर आकृती काढून देऊ शकलो असतो, पण घड्याळात साडेसहाला चारच मिनिटं बाकी होती.

मी चपला काढून वर चढलो. काका, तुम्ही खाली जा, मी धरतो, म्हटलं. त्यांनी दांडी माझ्या हातात दिली. खालून सौभाग्यवती ओरडली, "गेलं." मी हात वर सरकवला. "गेलं." दोन्ही हातांनी धरलं. "गेलं." काकांनी पुढे होऊन माझ्या हाताखाली आपला हात ठेवला. "आलं." खाली कार्यक्रमाचं सुरुवातीचं संगीत वाजू लागलं.

काकांनी एकदा शर्टाकडे पाहिलं. त्यावर गंजाचे लांब पट्टे उठले होते. मग त्यांनी माझा हात दांडीवरून हळूच बाजूला केला.

"तुमच्या हाताले नाही येत, मास्तर. तुमी खाली जा. मायनं पाह्यलं पायजे. थे खाप्याहून आली हाय."

मी काहीतरी बोलू लागलो, तर त्यांनी मला शिडीकडे ढकललं. मी दोन पायऱ्या उतरलो तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, खिडकीत उभे राहा. आज कॉमेंट्री करा."

मी खिडकीत उभा राहिलो. एका डोळ्यानं पडदा दिसत होता आणि मान वाकडी केली की पत्र्यावरचे काकांचे पाय दिसत होते. पहिलं गीत कुठल्याशा दुसऱ्या गावचं होतं, तेही मी सांगितलं. मग आमचा विहार दिसला आणि घरात एकच गलका झाला. मी खेकसून सगळ्यांना गप्प केलं. आठ पांढऱ्या साड्या, दोन रांगा. आमचा टीव्ही लहान आणि त्यात वीज कमी दाबाची, मला पटकन कोण कोण ते कळेना. तेवढ्यात आजी उठल्या, पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

"हे पाहा. माही वत्सला."

मी वर ओरडलो, की आल्या काका, पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या. काकांनी विचारलं, बरी दिसते का? मी म्हटलं, छान दिसतात. केसांत फूल आहे का? आहे. आवाज तिचा वेगळा ऐकू येते का? येतो, सगळ्यांच्या वर येतो. मी आयुष्यात इतकं वाईट आणि इतकं मन लावून वर्णन केलं नसेल. साडीचा काठ सांगितला, बांगड्या सांगितल्या, श्वास घेताना खांदे कसे उचलतात तेही सांगितलं.

"कुठं पाहून राहिली, मास्तर?"

मी नीट पाहिलं. सात बायका सांगून ठेवल्याप्रमाणे सरळ आमच्याकडे बघत गात होत्या. वत्सलाबाई मात्र ओळ संपली की हनुवटी वर करत होत्या, कपाळाला आठी घालून वर कुठेतरी पाहत होत्या, आणि पुन्हा खाली येत होत्या.

"वर पाहून राहिल्या, काका," मी त्यांच्याच बोलीत म्हणालो.

चित्र जरासुद्धा हललं नाही.

"मी वरच होतो ना जी त्या दिवशी," काका म्हणाले.

गीत संपलं. दुसऱ्या कुठल्या गावच्या बायका आल्या, त्या गाऊन गेल्या, मग तिसऱ्या आल्या. नियमाप्रमाणे मी आता "बस्स" म्हणायला हवं होतं. मला ते म्हणवेना. सौभाग्यवतीनंही पदर तोंडाशी धरला होता. काका वर दांडी धरून उभेच होते आणि आम्ही पंचवीस माणसं खाली, ज्यांच्याशी आमचा काही संबंध नाही अशा बायकांची गाणी गपगार ऐकत होतो.

शेवटी आजी भिंत धरत उठल्या. मागच्या दारी गेल्या, कपाळावर हात आडवा धरून त्यांनी वर पाहिलं.

"जवाई, तिचं झालं. उतरा आता. पडसान."

काका उतरले. हात पाय धुतले आणि आत येऊन त्यांच्या खुर्चीवर बसले. त्यांनी हात सोडल्यामुळे पडद्यावर सगळा गाळ वाहत होता. सौभाग्यवतीनं त्यांना काठापर्यंत बशी भरून दिली. मंडळाच्या बायका एकेक करून गेल्या, वकीलसाहेब जाताना काकांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. काका बशी हातात घेऊन त्या मुंग्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी खुर्ची टीव्हीकडून फिरवली, चांगली दोन चतकोर, आणि सासूबाईंकडे तोंड करून बसले.

"सांगा ना, माय," ते म्हणाले. "पयल्यापासून सांगा."

आजी सांगू लागल्या. मी उठून टीव्ही बंद केला.